टॅब्लेट संगणक व अभिकल्प-एकस्वांचे वाद

कळफलक व मुख्य पेटी यांना फाटा देऊन एकाच सपाट पाटीच्या आकारात बांधलेला आणि पडद्यावर बोट किंवा लेखणी टेकवून चालविता येणारा संगणक म्हणजे टॅब्लेट संगणक होय. या उपकरणाच्या बाह्यरूपावर मालकी कोणाची, या प्रश्नावरून अमेरिकेतील ॲपल व दक्षिण कोरियातील सॅमसंग या दोन उत्पादक कंपन्यांमध्ये २०११ पासून युरोप, अमेरिका, आशिया व ऑस्ट्रेलिया या खंडांतील न्यायालयांत मोठा संघर्ष झाला. त्याचा शेवट २०१८ मध्ये आपसांतील तडजोडीने झाला. यंत्र कसे चालते यासंबंधीचे दावेही या संघर्षात होते. तथापि टॅब्लेटच्या बाबतीत मध्यवर्ती प्रश्न यंत्र कसे दिसते हा होता. कोपरे किंचित गोलसर केलेला, बिनसजावटीचा एक आयत ही एका उत्पादकाची मालमत्ता होऊ शकते काय, याचे उत्तर निरनिराळ्या देशांतील न्यायालयांनी एकाच प्रकारच्या आकृत्यांकडे पाहून निरनिराळे दिले. औद्योगिक अभिकल्पविषयक कायद्याच्या इतिहासात या वादांना त्यामुळे महत्त्व प्राप्त झाले आहे.

अभिकल्पाचे संरक्षण : शोधाच्या एकस्वाने (पेटंटने) वस्तूच्या कार्यपद्धतीला किंवा घटनेला संरक्षण मिळते, तर अभिकल्पाच्या नोंदणीने वस्तूच्या केवळ डोळ्यांना दिसणाऱ्या रूपाला, म्हणजे आकार, घडण, नक्षी, रेषा व रंगसंगती यांना संरक्षण मिळते [⟶ एकस्व]. या संरक्षणाचा उगम कापडधंद्यात झाला. छापील कापडावरील नव्या नक्षीची नक्कल प्रतिस्पर्धी त्वरित करीत, म्हणून ब्रिटिश पार्लमेंटने १७८७ मध्ये कायदा करून अशा नक्षीच्या निर्मात्यास दोन महिन्यांचा अनन्य हक्क दिला. अमेरिकेत १८४२ च्या कायद्याने अभिकल्पासाठी एकस्व देण्याची सोय झाली आणि त्याच वर्षी अशा प्रकारचे पहिले एकस्व न्यूयॉर्क येथील जॉर्ज ब्रूस या मुद्राक्षर ओतणाऱ्या कारखानदारास अक्षरवळणांसाठी मिळाले.

पुढील दोन घटनांनी अमेरिकन कायद्याला जे वळण लावले, त्याचे परिणाम टॅब्लेटच्या वादापर्यंत पोहोचले. चमचे व काटे यांच्या दांड्यांवरील नक्षीसंबंधीच्या ‘गोरहॅम विरुद्ध व्हाइट’ (१८७१) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सामान्य निरीक्षकाची कसोटी घालून दिली. ग्राहक खरेदीच्या वेळी जितके लक्ष साधारणपणे देतो, तितके लक्ष देणारा माणूस साम्यामुळे फसून एका वस्तूऐवजी दुसरी घेईल, इतकी दोन रूपे सारखी असतील, तर अभिकल्पाचा भंग झाला असे मानावयाचे, हे या कसोटीचे सार होय. दुसरी घटना गालिच्यांच्या धंद्यातील आहे. गालिच्याच्या नफ्यातील किती भाग नक्षीमुळे मिळाला हे सिद्ध न झाल्याने सर्वोच्च न्यायालयाने १८८५ मध्ये भरपाई केवळ नाममात्र, म्हणजे सहा सेंट इतकी ठरविली. अशा निर्णयामुळे अभिकल्पाचा हक्क निरर्थक होतो, अशी उत्पादकांची तक्रार झाली. परिणामी १८८७ मध्ये काँग्रेसने कायदा करून नक्कल करणाऱ्याने त्या वस्तूवर मिळविलेला संपूर्ण नफा मालकास द्यावा, अशी तरतूद केली. गालिच्यासाठी केलेली ही तरतूद पुढे सव्वाशे वर्षांनी शेकडो सुटे भाग असलेल्या विद्युत् उपकरणांना लागू करण्याची वेळ आली.

यूरोपीय संघाने डिसेंबर २००१ मध्ये सर्व सदस्य देशांसाठी अभिकल्पाची एकच सामाईक नोंदणी निर्माण करणारा विनियम संमत केला. ही नोंदणी स्पेनमधील ॲलिकँटे येथील कार्यालयात २००३ पासून सुरू झाली. तिची मुदत पाच-पाच वर्षांच्या टप्प्यांनी कमाल २५ वर्षांपर्यंत वाढविता येते. या कायद्यात सामान्य निरीक्षकाच्या जागी ‘जाणकार वापरकर्ता’ ही कल्पना आहे. त्या क्षेत्रातील पूर्वीचे नमुने ठाऊक असलेल्या व वस्तू बारकाईने पाहणाऱ्या अशा व्यक्तीवर दोन रूपांचा समग्र ठसा वेगळा उमटतो काय, हे न्यायालयाने पाहावयाचे असते. रचनाकारास किती मोकळीक होती याचाही विचार करावा लागतो. कारण जेथे उपयोगामुळेच आकार ठरून जातो, तेथे साम्य अपरिहार्य असते आणि लहान फरकांनाही वजन येते.

टॅब्लेटच्या रूपाची पूर्वपीठिका : हातात धरता येणाऱ्या पाटीसारख्या संगणकाची कल्पना ॲपलच्या बरीच आधीची आहे. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातील ॲलन के यांनी १९७२ मध्ये मुलांसाठी ‘डायनाबुक’ या सुवाह्य संगणकाचा आराखडा मांडला. १९८९ मध्ये लेखणीने चालणारा ‘ग्रिडपॅड’ बाजारात आला. नाइट-रिडर या वृत्तपत्रसमूहाच्या कोलोरॅडोतील बोल्डर येथील प्रयोगशाळेत रॉजर फिडलर यांनी १९९४ मध्ये वृत्तपत्र वाचण्याच्या पाटीची एक प्रतिकृती व तिचे चित्रफितीवरील प्रात्यक्षिक तयार केले. मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये ‘टॅब्लेट पीसी’ साठी आपल्या संगणकप्रणालीची खास आवृत्ती काढली आणि कॉम्पॅक इ. कंपन्यांनी त्यानुसार यंत्रे बनविली. ही यंत्रे जड व महाग असल्याने त्यांचा प्रसार मर्यादित राहिला. स्पर्शसंवेदी काच, कमी वीज खाणारे प्रक्रियक आणि पातळ विद्युत् घट यांची जोड मिळाल्यावरच ही कल्पना व्यवहार्य झाली. ॲपलने २७ जानेवारी २०१० रोजी २४·६ सेंमी. (९·७ इंच) पडद्याचा ‘आयपॅड’ जाहीर केला व त्याची विक्री ३ एप्रिलपासून सुरू झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सॅमसंगने बर्लिनच्या प्रदर्शनात ‘गॅलॅक्सी टॅब’ हा लहान टॅब्लेट मांडला आणि फेब्रुवारी २०११ मध्ये ‘गॅलॅक्सी टॅब १०.१’ हा मोठा टॅब्लेट जाहीर केला. ८·८ मिमी. जाडीचा दुसरा आयपॅड मार्चमध्ये पुढे आल्यावर सॅमसंगने आपल्या मोठ्या टॅब्लेटची फेररचना करून त्याची जाडी ८·६ मिमी. वर आणली.

नोंदविलेल्या आकृत्या : ॲपलने आयपॅडच्या सहा वर्षे आधीच टॅब्लेटच्या रूपाची नोंद करून ठेवली होती. अमेरिकेत मार्च २००४ मध्ये केलेल्या अर्जावर तिला १० मे २००५ रोजी ५०४,८८९ या क्रमांकाचे अभिकल्प-एकस्व मिळाले. त्यावरील रचनाकारांच्या यादीत स्टीव्ह जॉब्झ व जोनाथन आइव्ह यांची नावे आहेत. यूरोपीय नोंदणी मे २००४ ची होती. अभिकल्पाच्या नोंदणीत शब्द अत्यल्प असतात; हक्काची व्याप्ती आकृत्यांवरूनच ठरते. या आकृत्यांत चारही कोपरे सारखेच गोलसर असलेली आयताकृती पाटी, कडेपर्यंत पसरलेला एकसंध पारदर्शक पृष्ठभाग, त्याभोवती सर्वत्र सारख्याच रुंदीची बारीक कड, आत पडद्याची चौकट दाखविणारी रेषा आणि सपाट पाठ एवढेच दिसते. बटणे, अक्षरे वा सजावट समोरच्या बाजूस नाही. आकृत्यांतील पाटी व प्रत्यक्ष बाजारात आलेला आयपॅड एकरूप नव्हते. दुसऱ्या आयपॅडच्या तुलनेत ती बरीच जाड होती. कायद्याच्या दृष्टीने तुलना करावयाची ती प्रतिवादीची वस्तू व नोंदविलेल्या आकृत्या यांची, दोन बाजारी वस्तूंची नव्हे. सामान्य वाचकाच्या, कित्येकदा वृत्तपत्रांच्याही, ध्यानात न आलेला हा भेद पुढील अनेक निर्णयांच्या मुळाशी आहे.

वादाचा आरंभ : ॲपलने १५ एप्रिल २०११ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन होझे येथील संघीय जिल्हा न्यायालयात सॅमसंगविरुद्ध फिर्याद केली. सॅमसंगने काही दिवसांतच सोल, टोकिओ व मानहाइम येथे उलट दावे दाखल केले. या दोन कंपन्या केवळ प्रतिस्पर्धी नव्हत्या. ॲपलच्या उपकरणांत लागणाऱ्या स्मृतिचकत्या, प्रक्रियक व पडदे यांचा सॅमसंग ही एक प्रमुख पुरवठादार होती. ग्राहक व पुरवठादार यांचे हे नाते वादाच्या काळातही तुटले नाही.

यूरोपातील निर्णय : ड्यूसेलडॉर्फच्या न्यायालयाने ९ ऑगस्ट २०११ रोजी सॅमसंगचे म्हणणे तोंडी न ऐकताच गॅलॅक्सी टॅब १०.१ च्या विक्रीस नेदर्लंड्सखेरीज संपूर्ण यूरोपीय संघात अंतरिम मनाई केली. ॲपलच्या अर्जातील एका छायाचित्रात सॅमसंगच्या टॅब्लेटचे उंची-रुंदीचे प्रमाण प्रत्यक्षाहून वेगळे असल्याचे डच पत्रकारांनी त्यानंतर निदर्शनास आणले. मूळ कोरियन कंपनीपुरता हा हुकूम लवकरच जर्मनीपुरता मर्यादित करण्यात आला आणि सप्टेंबरमध्ये तो जर्मनीसाठी कायम झाला. सॅमसंगने कडेचे रूप बदलून ‘१०.१ एन’ हा नवा प्रकार काढला. त्यास मनाई करण्यास न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये नकार दिला. दरम्यान वरिष्ठ प्रादेशिक न्यायालयाने जानेवारीत मूळ टॅब्लेटवरील बंदी कायम ठेवली, परंतु तिचा आधार बदलला. अभिकल्पाच्या भंगाऐवजी आयपॅडच्या लौकिकाचा गैरफायदा घेणारी अनुचित स्पर्धा, हा आधार त्याने मान्य केला. जर्मनीत बंदी राहिली, पण आयताच्या मालकीमुळे नव्हे.

शेजारच्या नेदर्लंड्समध्ये चित्र वेगळे होते. द हेग येथील न्यायालयाने २४ ऑगस्ट २०११ रोजी टॅब्लेटसंबंधीचा अभिकल्पाचा दावा अमान्य केला व जानेवारी २०१२ मध्ये अपील न्यायालयानेही तोच निष्कर्ष काढला. पूर्वीच्या नमुन्यांच्या पार्श्वभूमीवर ॲपलच्या नोंदणीची व्याप्ती अरुंद ठरते, असा या निर्णयांचा रोख होता.

या विषयावरील सर्वांत गाजलेला निर्णय इंग्लंडमधील आहे. तेथे आपल्या तीन टॅब्लेटांनी ॲपलच्या हक्काचा भंग होत नाही असे घोषित करावे, यासाठी सॅमसंगनेच दावा केला होता. उच्च न्यायालयाचे न्यायाधीश कॉलिन बर्स यांनी ९ जुलै २०१२ रोजी निकाल दिला. त्यांनी रूपाची सात वैशिष्ट्यांत विभागणी करून प्रत्येकाचा पूर्वीच्या नमुन्यांशी ताळा पाहिला. समोरून पाहता साम्य मोठे आहे, हे त्यांनी मान्य केले. परंतु सपाट काच, आयत व गोलसर कोपरे ही या वर्गातील वस्तूंत आधीपासून आढळणारी लक्षणे असल्याने जाणकार वापरकर्ता त्यांना फार महत्त्व देणार नाही आणि त्याची नजर जाडी व पाठ यांकडे वळेल, असे त्यांनी म्हटले. सॅमसंगची यंत्रे अधिक पातळ होती व त्यांच्या पाठीवर वेगळी घडण होती. ॲपलच्या आकृत्यांतील संयत, कमालीचा साधेपणा सॅमसंगच्या यंत्रांत नाही आणि ती तितकी ‘कूल’ नाहीत, असा अभिप्राय देऊन त्यांनी सॅमसंगच्या बाजूने निर्णय दिला. आपले यंत्र कमी आकर्षक आहे या कारणास्तव खटला जिंकण्याचा हा प्रसंग विरळाच म्हटला पाहिजे.

बाजारातील संभ्रम दूर व्हावा, म्हणून हा निकाल ॲपलने आपल्या संकेतस्थळावर व ठरावीक नियतकालिकांत स्वखर्चाने प्रसिद्ध करावा, असा आदेशही देण्यात आला. अपील न्यायालयाने १८ ऑक्टोबर २०१२ रोजी निकाल व प्रसिद्धीचा आदेश दोन्ही कायम केले. सर सर रॉबिन जेकब यांनी निकालपत्रात स्पष्ट केले की, सॅमसंगने आयपॅडची नक्कल केली काय हा प्रश्नच न्यायालयापुढे नव्हता. नोंदविलेल्या आकृत्यांशी तुलना एवढाच विषय होता. ॲपलने प्रसिद्ध केलेल्या निवेदनात इतर देशांतील आपल्या यशाचा मजकूर जोडल्यामुळे न्यायालयाने १ नोव्हेंबर रोजी ते असमाधानकारक ठरविले व २४ तासांत काढून घेऊन दुरुस्त निवेदन देण्यास फर्माविले.

ऑस्ट्रेलियातील मनाई हुकूम (ऑक्टोबर २०११) शोधांच्या एकस्वांवर आधारलेला होता, रूपावर नव्हे. तो अपिलात रद्द होऊन डिसेंबरमध्ये विक्रीचा मार्ग मोकळा झाला.

अमेरिकेतील खटला : सॅन होझे येथे न्यायाधीश लूसी कोह यांच्यापुढे खटला चालला. ऑक्टोबर २०११ मधील सुनावणीत त्यांनी दोन्ही टॅब्लेट डोक्यावर उचलून धरले आणि यांतील सॅमसंगचा कोणता, असे सॅमसंगच्या वकिलांस विचारले. सु. ३ मी. अंतरावरून त्यांना तत्काळ सांगता आले नाही. सामान्य निरीक्षकाच्या कसोटीचा हा जणू प्रयोगच होता. तथापि रूपे सारखी दिसणे व मूळ हक्क वैध असणे, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. २ डिसेंबर २०११ रोजी कोह यांनी भंग संभवनीय मानला, पण फिडलर यांच्या १९९४ च्या प्रतिकृतीमुळे एकस्वाची वैधताच शंकास्पद ठरते, असे सांगून अंतरिम मनाई नाकारली. अपील न्यायालयाने १४ मे २०१२ रोजी हे मत फिरविले. फिडलर यांच्या पाटीची चौकट एका बाजूस रुंद होती आणि तिच्यावर एकसंध काच नव्हती. म्हणून ती ॲपलच्या आकृतीशी मूलतः एकरूप नाही, असे त्याने ठरविले. नंतर जून २०१२ मध्ये कोह यांनी गॅलॅक्सी टॅब १०.१ च्या विक्रीस मनाई केली; ॲपलला त्यासाठी २६ लाख डॉलरचा जामीन द्यावा लागला. याच वादात सॅमसंगने स्टॅन्ली कूब्रिक यांच्या १९६८ च्या २००१ : अ स्पेस ओडिसी या चित्रपटातील अंतराळवीरांच्या सपाट पडद्यांचाही पूर्वपुरावा म्हणून हवाला दिला होता.

ज्यूरीने २४ ऑगस्ट २०१२ रोजी सॅमसंगविरुद्ध सु. १०५ कोटी डॉलरची भरपाई ठरविली. या आकड्याच्या गाजावाजात एक गोष्ट झाकली गेली. रूपाच्या भंगापोटी जी रक्कम ठरली, ती दूरध्वनीच्या अभिकल्पांबद्दल होती. टॅब्लेटविषयीचे एकस्व ज्यूरीने वैध मानले, मात्र गॅलॅक्सी टॅब १०.१ ने त्याचा भंग केलेला नाही, असे ठरविले. आयपॅडच्या एकूण बाह्यवेशाला संरक्षण आहे हा दावाही तिने फेटाळला. परिणामी विक्रीवरील मनाई १ ऑक्टोबर रोजी उठविण्यात आली. ज्या आकृतीच्या जोरावर दोन खंडांत विक्री थांबविली गेली होती, तिच्याबद्दल ज्यूरीने ॲपलला काहीही दिले नाही.

संपूर्ण नफ्याचा प्रश्न : भरपाईचा वाद मात्र पुढे चालू राहिला. हिशेबातील दोषामुळे कोह यांनी मार्च २०१३ मध्ये रकमेतील सु. ४५ कोटी डॉलरचा भाग रद्द केला व त्यापुरत्या झालेल्या फेरसुनावणीनंतर एकूण भरपाई सु. ९३ कोटी डॉलर झाली. अपील न्यायालयाने मे २०१५ मध्ये बाह्यवेशाबद्दलची ३८ कोटी २० लाखांची रक्कम वगळल्याने ५४ कोटी ८० लाख डॉलर उरले व सॅमसंगने ते डिसेंबरमध्ये भरले. यांपैकी ३९ कोटी ९० लाख डॉलर अभिकल्प-एकस्वांपोटी होते, आणि ही रक्कम त्या दूरध्वनींवरील संपूर्ण नफ्याइतकी धरलेली होती. गालिच्याची विक्री बहुतांशी नक्षीवर अवलंबून असते. दूरध्वनीत मात्र प्रक्रियक, स्मृती, पडदा व प्रणाली यांचाही वाटा असतो, असा सॅमसंगचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने ६ डिसेंबर २०१६ रोजी एकमताने निर्णय दिला. निकालपत्र न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी लिहिले. कायद्यातील ‘निर्मित वस्तू’ या शब्दांचा अर्थ विकली जाणारी संपूर्ण वस्तू असा होतो, तसाच तिचा एखादा घटक असाही होऊ शकतो, असे त्यात म्हटले आहे. घटक कसा ठरवावा याची कसोटी मात्र न्यायालयाने सांगितली नाही. फेरसुनावणीत मे २०१८ मध्ये नव्या ज्यूरीने ५३ कोटी ९० लाख डॉलर ठरविले. म्हणजे तत्त्व बदलूनही अभिकल्पांपोटीची रक्कम कमी झाली नाही. २७ जून २०१८ रोजी दोन्ही पक्षांनी तडजोड केली. तिच्या अटी प्रसिद्ध झाल्या नाहीत. अमेरिकेबाहेरील दावे त्यांनी ऑगस्ट २०१४ मध्येच मागे घेण्याचे ठरविले होते.

परिणाम व मूल्यमापन : या वादांनंतर रूपाच्या नोंदणीकडे उत्पादकांचे लक्ष वाढले. संपूर्ण वस्तूऐवजी तिच्या कडेची, दर्शनी भागाची किंवा पडद्यावरील चिन्हांच्या मांडणीची वेगळी नोंद करण्याचे महत्त्व त्यांनी दाखवून दिले. कायद्यातही बदल झाले. फिडलर यांच्या प्रतिकृतीला ज्या कडक कसोटीमुळे बाजूला ठेवण्यात आले होते, ती कसोटी अमेरिकन संघीय अपील न्यायालयाने २१ मे २०२४ रोजी एका मोटारीच्या सुट्या भागाच्या खटल्यात रद्द केली. यामुळे जुन्या नमुन्यांच्या आधारे अभिकल्प-एकस्वास आव्हान देणे सुलभ झाले. यूरोपीय संघाचा सुधारित विनियम १ मे २०२५ पासून लागू होऊ लागला. तसेच नोंदणीची कार्यपद्धती देशोदेशी सारखी व्हावी, या हेतूने नोव्हेंबर २०२४ मध्ये रियाध येथे अभिकल्प कायद्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार संमत झाला.

भारतात हा विषय पूर्वी १९११ च्या एकस्वे व अभिकल्प अधिनियमात होता. त्यातील अभिकल्पविषयक तरतुदींची जागा अभिकल्प अधिनियम, २००० याने घेतली व तो ११ मे २००१ पासून अंमलात आला. नोंदणीचे काम कोलकाता येथील एकस्व कार्यालयाकडे असून संरक्षण दहा वर्षांचे व नंतर पाच वर्षांनी वाढविता येण्याजोगे आहे. केवळ डोळ्यांनी पारखता येणारी लक्षणेच अभिकल्पात मोडतात आणि जगात कोठेही आधी प्रसिद्ध झालेले रूप नोंदविता येत नाही. भंगाबद्दल ठरावीक रक्कम मागावयाची झाल्यास ती एका अभिकल्पामागे एकूण ५०,००० रुपयांपलीकडे जात नाही. त्याऐवजी मालकास नुकसानभरपाई व मनाई हुकूम यांसाठी दावा करता येतो. संपूर्ण नफ्याच्या अमेरिकन नियमाहून ही भूमिका बरीच वेगळी आहे.

रचनाकाराच्या श्रमाला संरक्षण नसेल, तर नवे रूप घडविण्याची प्रेरणा मंदावते; उलट अत्यंत साध्या आकारावर व्यापक हक्क दिला, तर पुढच्या प्रत्येक उत्पादकाची वाट अडते. अलंकृत चमच्याच्या बाबतीत हा तोल सांभाळणे सोपे होते, कारण नक्षी टाळूनही चमचा करता येतो. टॅब्लेट ही मुळात पडदा धारण करणारी पाटी असल्याने तिच्यातून आयत व सपाट पृष्ठभाग वजा करता येत नाहीत. परिणामी अनेक न्यायालयांनी साधेपणाला संरक्षण नाकारले नाही, परंतु ते फार अरुंद ठेवले. नोंदविलेली आकृती जितकी साधी, तितके तिच्यापासून थोडे दूर जाऊन सुटणे सोपे, हेच या प्रदीर्घ वादातून निष्पन्न झाले.